करडीचा जिना

आमच्या घरात विकतचं तेल कधी आलं नाही. फोडणीला, दिव्याला, डोक्याला, बैलाच्या शिंगांना, कुरकुरणाऱ्या दाराला, सगळ्याला घरच्या घाण्याचं करडीचं तेल. लग्न होऊन मी लातूरच्या या गल्लीत आले तेव्हा माहेराहून खोबरेल तेलाची बाटली आणली होती. सासऱ्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि शेजारी देऊन टाकली. "तेल्याच्या सुनंनं विकतचं तेल लावल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल?" मी नवी होते म्हणून गप्प बसले. आज बसले नसते.

सासऱ्यांचं नाव धोंडप्पा. मी त्यांना मामा म्हणते. माझा नवरा वीरण्णा त्यांना अप्पा म्हणतो. घर आमचं लांबट. पुढे तेलाचं दुकान, मधे आमची खोली, मागे घाण्याची खोली आणि तिच्या कडेनं वर जाणारा लाकडी जिना. जिना अस्सल सागवानी. मामांनी ऐन उमेदीत इस्लापूरकडच्या रानातलं लाकूड स्वतः निवडून आणलं होतं, आणि ही गोष्ट आल्यागेल्याला ऐकवल्याशिवाय ते चहा देत नसत. वर माडी, आणि माडीला लागून मातीच्या सपाट छताचं माळवद. माडीवर मामांचं राज्य होतं.

मी सांगते ती गोष्ट लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची. पाऊस तेव्हा आमच्यावर रुसून बसला होता. एकीकडे रोज एखादा नवा साहेब जीपमधून उतरायचा आणि दुसरीकडे आडाचा तळ दिसायला लागला होता. गल्लीत टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मीही धरल्यात, खोटं कशाला बोलू? चारा तर डोळ्यांना दिसेना. शेवटी घाण्याच्या बैलाला, हौश्याला, माझ्या नणंदेकडे, गुरम्माकडे, अर्धापूरला पोचवावं लागलं. तिच्याकडे केळीची बाग होती, कालव्याचं पाणी होतं. हौश्या गेला आणि घाणा थांबला. दुकान साठवणीच्या डब्यांवर कसंबसं चालू राहिलं.

त्यातच शिमग्याच्या सुमाराला मामा जिन्यावरून घसरले. पिढीभर तेलकट पायांनी चढ-उतर झालेला जिना तो. काळा कुळकुळीत झालेला आणि गुळगुळीत. कंबर सावरली, पण तेव्हापासून मी हात धरल्याशिवाय त्यांना वर जाता येईना. मी सकाळी उतरवून घ्यायची, संध्याकाळी चढवायची. दर पायरीवर ते मला शिव्या द्यायचे आणि मी त्यांना उलट उत्तरं द्यायची. आमचं प्रेम असंच होतं.

चैत्रात वाघमारे साहेब जागा बघायला आले. पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर, विष्णुपुरीच्या धरणावरून बदलून आलेले. मऊ बोलणारा माणूस. बायकोसह लॉजवर राहत होते. गावात दोन ठिकाणी जागा रिकामी होती, पण आडनाव विचारल्यावर "बघून सांगतो" असं ऐकून त्यांना परत फिरावं लागलं होतं. हे त्यांच्या बायकोनं, तारामतीबाईंनी, मला पाणी पिताना सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं. मला मात्र फार वाईट वाटलं.

वीरण्णाला माडी द्यायचीच होती. त्याचं कारण वेगळं. "दुकानासमोर सरकारी जीप उभी राहील," तो मला म्हणाला. "आजूबाजूचे बगत राहतील." माझा नवरा मनाचा वाईट नाही, पण नवीन जिल्ह्याचं वारं त्याच्या डोक्यात शिरलं होतं.

"अन् मामा?" मी विचारलं.

"अप्पाला खाली घेऊ. घाण्याच्या खोलीत खाट टाकू. तसंबी त्यांना जिना चढवत न्हाई. तुझाबी तरास वाचंल."

माझा त्रास त्यानं मधे आणला, म्हणजे बोलणं आधीच ठरवून आला होता. जिना बघताना तारामतीबाईंनी पातळाचा घोळ वर धरला होता, तेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. जिना तासून, पॉलिश करून चकचकीत करायचा आणि मग साहेबांना बोलवायचं, असा त्याचा बेत होता.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जिना कर तू. लई दिवसाचं ऱ्हायलंय ते. पर एक ऐक. नवा जिना झाल्यावर मी कुणाचा हात न धरता वर गेलो, तर माडी माझी. न्हाई जमलं, तर साहेबाला दे. मी चूं करणार न्हाई."

वीरण्णा हसला. "अप्पा, पॉलिशवर माशीबी घसरंल."

"मंग तुला कशाची भीती हाय? हाव म्हण."

"हाव," वीरण्णा म्हणाला.

मामा माडीसाठी एवढे का अडून बसलेत, ते मला कळत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "वर वारं हाय." वैशाखात लातूरच्या माडीवर कसलं वारं? तवा आहे नुसता.

सुतार पंढरी कामाला लागला. एरवी असा जिना सोड्याच्या गरम पाण्यानं धुतात, मग काळेपणा सुटतो. पण प्यायला पाणी नाही तिथे जिन्याला कुठून घालणार? म्हणून सगळं कोरडंच करायचं ठरलं. पंढरी पत्र्यानं खरवडायचा, मागून मी पॉलिशपेपर घेऊन घासत जायची. हाताची सालटी निघाली, पण काळ्या थराखालून मधासारखं सागवान उघडं पडायला लागलं तशी मला त्या कामाची गोडी लागली. आपण इतकी वर्षं कशावरून ये-जा करत होतो, ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं. मामा खाली बाजेवर बसून सूचना द्यायचे. "ती गाठ जपून घास. तिथंच झाडाचा जोर असतो."

काम चालू असताना मामांची खाट घाण्याच्या खोलीत टाकली होती. रोज पहाटे मी उठून बघते तर खाट अंगणात. कंबर दुखत असताना हा म्हातारा खाट ओढत बाहेर आणायचा.

"मामा, आत काय झालं झोपायला?"

"ढेकणं हायत."

मी खाट उन्हात टाकली, दोऱ्या सैल करून कोपरे आपटले. एक ढेकूण निघाला नाही. दुसऱ्या पहाटे खाट पुन्हा अंगणात. मी चिडले. म्हटलं, या माणसाला नुसता हट्ट करायचाय.

घासून झालं आणि नेमकं पंढरीच्या नात्यात इस्लापूरला लग्न निघालं. जाताना तो सांगून गेला, "जवसाचं तेल आणा. उकळलेलं. पातळ हात मारा अन् कपड्यानं पुसून काढा. वाळू द्या. मी आलो की चपडी लाखेचं पॉलिश चढवतो, तोंड दिसंल त्यात."

वीरण्णा पिशवी घेऊन जवसाचं तेल आणायला निघाला. मामा दुकानाच्या उंबऱ्यावर बसले होते.

"कुठं चाललास?"

"तेल आणायला."

"काय आणायला?"

एवढंच विचारलं त्यांनी. पण रस्त्यावरच्या दोघांना ऐकू जाईल असं विचारलं. समोरचा रेवणप्पा कापडवाला दात काढून हसला. "वीरण्णा, तेल्याच्या घरी तेल संपलं व्हय?"

झालं. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. तो परत फिरला, पिशवी फेकली आणि करडीचा डबा उघडला. मी म्हटलं, "अवो, पंढरीनं जवसाचं सांगितलंय."

"तेल ते तेल. आपलं काय कमी दर्जाचं हाय?"

पातळ हात मारायचं तर लांबच. घरचंच तेल, मग हात आखडता कशाला घ्यायचा? त्यानं जिन्याला तेलानं न्हाऊ घातलं. पुसून काढणं तर त्याला अपमान वाटला. मामा मान डोलावत होते. "पाज, पाज. लाकूड लई दिवसाचं तहानलंय."

दोन दिवस जिना असा देखणा दिसला, की मी उगाच चार वेळा जाऊन बघितला. मग तो चिकटायला लागला. तेलाच्या डब्याच्या तोंडाशी जो चिकटा धरतो, तोच चिकटा अख्ख्या जिन्यावर. बोट लावलं तर बोट सोडेना. त्यात दुष्काळातली धूळ. दार उघडलं की फुफाटा आत यायचा आणि जिन्यावर मुक्काम करायचा. मी कपाळाला हात लावला. डब्यांचा चिकटा मी रोज राखेनं काढते, आणि माझ्याही डोक्यात ते आलं नाही! माडीवर काही न्यायचं तर अंगणातून माळवदाला शिडी लावायची पाळी आली.

"वाळंल," वीरण्णा म्हणायचा. "ऊन काय कमी हाय?"

वाळलं नव्हतंच, आणि तेवढ्यात वाघमारे साहेब आणि तारामतीबाई ठरल्या दिवशी दारात हजर. वीरण्णाची पळापळ झाली. साहेबांना थांबवायच्या आधीच ते जिन्याकडे गेले आणि दोन पायऱ्या चढले. तिसरीवर पाय ठेवला आणि पुढचा उचलला तो मोज्यातच वर आला. बूट पायरीवर तसाच. साहेब एका पायावर उभे, वीरण्णा बूट ओढतोय, बूट येतोय न येतोय. तारामतीबाईंनी तोंडाला पदर लावला. मला तर हसू आवरेना, आणि नवऱ्याकडे बघून रडूही येत होतं. बिचाऱ्यानं त्या जीपसाठी किती केलं होतं!

"सरका जरा," मागून आवाज आला.

मामा उभे होते. अनवाणी. धोतर खोचलेलं.

"अप्पा, आत्ता नको."

"आत्ताच. साहेबबी हायत, साक्षीदार झाले."

साहेब मोज्यानं खाली उतरले. मी हात पुढे केला, मामांनी तो बाजूला सारला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाय बसला तो बसलाच. जिन्यानं तळवा धरून ठेवला. मग त्यांनी तो हळूच टाचेकडून उचलला, चर्र आवाज झाला, आणि वरच्या पायरीवर ठेवला. चर्र. पुन्हा चर्र. घसरायला जागाच नव्हती. शिमग्यापासून माझ्या हाताला घट्ट धरून चढणारा माणूस एकेक पाऊल रोवत वर चालला होता. मधे एकदा कंबरेत कळ आली असावी, ते थांबले. पाय उचलेना आणि तोल जाऊ लागला तर? पण ते गेले. वर पोचले, वळले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

वीरण्णा भडकला. "ही काय रीत झाली? चिकटून चढलात तुम्ही! पंढरी आला की हे समदं खरवडतो, पॉलिश करतो. मंग चढा."

मामांना धाप लागली होती. मग एकदम असा काही आवाज निघाला की मी तसा कधी ऐकला नव्हता.

"वीरण्णा, मला त्या खोलीत टाकू नको रे."

"कोणत्या?"

"घाण्याच्या. तुझ्या वयाचा व्हतो तवापासून त्या करकरीत झोपलो मी. दुपारी डोळा लागायचा तोबी घाण्याच्या आवाजात. तू पाळण्यात रडायचास तवा तुझी माय तुला घाण्याजवळ आणून बसायची, तू गप व्हायचास. आता तिथं आवाज न्हाई. घाण्याची लाकडी लाट उभी हाय नुसती. रात्रभर बगती माझ्याकडं. वर एस्टीचा आवाज येतो. जीपा येत्यात. काहीतरी फिरतंय असं वाटतं. म्हणून वर पायजे. बाकी काय न्हाई."

मला त्या अंगणातल्या खाटेची आठवण झाली आणि स्वतःचा राग आला. ढेकूण शोधत बसले मी! सहा महिने त्या खोलीतून जाते-येते, शांतता मलाही खायला उठायची. पण माझ्या मनात एकदाही आलं नाही की ज्यानं ती खोली आवाजानं भरली, त्याला तिथे काय वाटत असेल.

साहेबांनी बूट पायात घातला. "वीरण्णा, आजोबांना राहू द्या वर. मी दुसरीकडं बघतो."

"दुसरीकडं कुठं?" तारामतीबाई हळूच म्हणाल्या. ते दोन शब्द मला लागले. एका बाजूला हा म्हातारा, दुसऱ्या बाजूला हे दोघं, आणि मधे आमचा चिकट जिना.

त्या दिवशी वीरण्णा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत घराबाहेर पडला. मला वाटलं, साहेबांना जागा शोधायला गेला असेल, नाहीतर पंढरीला पकडून आणायला. दोन दिवस पत्ता नाही. मामांची खाट मी गल्लीतल्या पोरांकडून शिडीनं वर चढवून घेतली, आणि त्याच शिडीवरून माळवदावर त्यांचं जेवण आणि पाण्याची कळशी चढवत राहिले. मामा खाली उतरायला तयार नव्हते. "उतरलो तर तो चढू देणार न्हाई." कळशी उचलून घेताना मात्र त्यांची मान खाली जायची. टँकरच्या रांगेत मी काय करते, ते त्यांना ठाऊक होतं.

"मामा, एक विचारू? करडीचं तेल असं चिकटतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

म्हातारा मिशीत हसला. "तेल्याला तेल कळत न्हाई व्हय?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"म्या कुठं काय केलं? म्या नुसतं इचारलं, कुठं चाललास. बाकी समदं तुझ्या नवऱ्यानं केलं."

मी त्यांना बरंच काही सुनावलं. त्यांनी ते भाकरीसोबत खाल्लं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत एक टेम्पो आला. आधी वाटलं टँकर, म्हणून मी घागर घेऊन धावले. टेम्पोत केळीचे खुंट रचलेले, हिरवे, पाणीदार. त्यांच्या आडून दोन शिंगं दिसली. वीरण्णा मागून उतरला. तोंड धुळीनं माखलेलं.

"अर्धापूरला गेलावतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "गुरम्माक्का म्हणली, घेऊन जा. चाऱ्याला केळीचे खुंट पुरवती म्हणली."

"अन् पाणी? हौश्याला पाणी कुठून पाजायचं?"

"माझ्या अंघोळीचं पाज. मी काय नवरदेव हाय?"

लग्न झाल्यापासून मला तो इतका आवडला नव्हता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

हौश्या वाळला होता, पण घर विसरला नव्हता. दोरी न ओढता सरळ मागच्या खोलीत गेला आणि घाण्यापाशी उभा राहिला. वीरण्णानं त्याला जुंपलं. घाण्यात घालायला करडी होती थोडीशीच, तीही त्यानं येताना आणलेली. हौश्यानं पाऊल टाकलं. आधी नुसता धुळीचा आवाज झाला, मग लाकडावर लाकूड घासलं, आणि सहा महिन्यांनी घाणा करकरला.

वर खाट वाजली. मी जिन्याकडे धावले. वीरण्णा मला म्हणाला, "तू थांब." आणि स्वतः जाऊन जिन्याच्या पायाशी उभा राहिला, हात पुढे करून.

मामा उतरत होते. भिंतीला धरून, एकेक पायरी. आता चर्र होत नव्हतं, तीन दिवसांच्या तापीनं तेल वाळलं होतं. शेवटच्या पायऱ्यांना त्यांनी मुलाचा हात धरला. कुणाचाही हात न धरण्याची पैज होती, पण ती चढण्याची. उतरण्याचं काही ठरलं नव्हतं.

ते घाण्यापाशी गेले, हौश्याच्या पाठीवरून हात फिरवला, लाटेला टेकले. बराच वेळ नुसते ऐकत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शिवकन्या, खाट खाली आण माझी. हितंच टाक."

"अन् माडी?" वीरण्णानं विचारलं.

"साहेबाला सांगावा धाड. त्या पोरीला म्हणावं, आमच्या घरात आडनावाला पायरी न्हाई. पर विकतचं तेल माडीवर चढवायचं न्हाई."

तारामतीबाई पुढची कितीतरी वर्षं आमच्या माडीवर राहिल्या, आणि खोबरेल तेलाची बाटली पदराखाली लपवून न्यायच्या. मीही त्यांच्याकडून घ्यायची.

पंढरी लग्नाहून आला तेव्हा जिना बघून त्यानं डोकं धरलं. पत्रा घेऊन खरवडायला बसला तर वीरण्णानं त्याचा हात धरला. तेल तोवर वाळून कडक झालं होतं, धुळीसकट. तिसऱ्या पायरीवर साहेबांच्या बुटाचा ठसा आहे, आणि त्याच्या कडेनं खालपासून वरपर्यंत मामांची अनवाणी पावलं, पाची बोटं स्पष्ट दिसणारी. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाहुणे विचारतात, म्हातारा चढताना दिसतो, उतरतानाची पावलं कुठं आहेत? मी सांगते, ते उतरले तेव्हा तेल वाळलं होतं, आणि त्यांचा हात धरायला मुलगा उभा होता.